नाव आहे का? यादीला नेमकं विचारूया

मतदानाच्या दिवशी केंद्रावर हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे, "माझ्याकडे कार्ड आहे, मग यादीत नाव कसं नाही?" कार्ड म्हणजे फक्त ओळख. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. म्हणून नाव आहे की नाही, हे आधीच बघायला हवं. आज समजून घेऊया, एवढ्या मोठ्या यादीत ते झटपट आणि खात्रीने कसं बघायचं.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीला महाराष्ट्राच्या यादीत सुमारे ९ कोटी ७० लाख नावं होती. एकेक नाव वाचत गेलं तर वर्षं जातील. संगणक मात्र काही क्षणांत उत्तर देतो. कसं, ते आपल्या गटातच करून बघा.

सोळा पासबुकं खाते क्रमांकाच्या क्रमाने ओळीत लावा. हवं असलेलं पासबुक मधल्यापेक्षा आधीच्या क्रमांकाचं की पुढच्या? उत्तर मिळालं की अर्धी पासबुकं बाजूला. उरली आठ. मग चार, मग दोन, मग एक. चार वेळा अर्धं केलं की एकच पासबुक हातात राहतं. हाच हिशेब ९ कोटी ७० लाखांना लावला तर किती वेळा अर्धं करावं लागेल? फक्त २७ वेळा! अट एकच, यादी आधी क्रमाने लावलेली हवी. संगणक अशी क्रमवार सूची वेगळी तयार ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते ना, तशीच. तिला इंडेक्स म्हणतात.

आणखी एक गोष्ट. "आहे का?" आणि "किती आहेत?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डब्यात हळद आहे का, हे बघायला आपण सगळी हळद मोजत नाही. झाकण उघडून दिसली की झालं. तसंच "आहे का?" एवढंच विचारलं तर संगणक पहिली नोंद सापडताच थांबू शकतो. उगाच सगळं मोजायला लावलं की वेळ जातो.

आता मतदार यादीकडे येऊ. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर नाव तीन प्रकारे शोधता येतं: ओळखपत्राच्या क्रमांकावरून, मोबाइल नंबरवरून किंवा नाव-गाव भरून. कार्ड असेल तर क्रमांकानेच शोधा. त्यात आधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सात आकडे असतात. म्हणजे पहिल्या तीन जागी गोल दिसला तर तो 'ओ', पुढे दिसला तर शून्य.

नावावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. कुठे तुळसी, कुठे तुलसी. कुठे लक्ष्मी, तर कुठे लखमी. इंग्रजीत सुनीता लिहायच्याही दोन-तीन तऱ्हा. माणसाला ते एकच वाटतं, संगणकाला वेगळं. त्यामुळे नावाने शोधून सापडलं नाही, तर लगेच "नाव उडालं" असं धरू नका. जिल्हा पालघर, मग आपला मतदारसंघ असं शोधाचं क्षेत्र लहान करा आणि वेगळं स्पेलिंग घालून बघा.

याची दुसरी बाजू म्हणजे दुबार नावं. माहेर तलासरीला, सासर बोईसरला आणि नाव दोन्हीकडे, असं आपल्याकडे सहज होतं. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ नुसार नाव एकाच ठिकाणी, एकदाच असलं पाहिजे. अशी जोडी शोधायची कशी? हजार नावांत प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना केली तर ४,९९,५०० जोड्या होतात. तीच नावं क्रमाने लावली की सारखी नावं शेजारी-शेजारी येतात. मग फक्त ९९९ शेजारणी तपासायच्या.

पण नाव जुळलं म्हणजे बाई तीच, असं नाही. एका पाड्यात एकाच नावाच्या तिघी असतात. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने यादीत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे दाखवले होते. 'संभाव्य' हा शब्द महत्त्वाचा. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, वय, पत्ता आणि फोटो हे सगळं पडताळल्याशिवाय दोन बायकांची एक बाई करू नये. तुमच्याबाबत चौकशी झाली किंवा नोटीस आली, तर गप्प बसू नका. कागद घेऊन जा आणि "ती मी नव्हे" असं लेखी द्या.

तर मैत्रिणींनो, येत्या मासिक बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीने कार्ड आणावं. ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांनी एकेकीचा क्रमांक घालून बघावा आणि वहीत तीन रकाने करावेत: सापडलं, सापडलं नाही, चूक आहे. नाव नसेल तर नमुना ६ भरायचा. पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव आधीच कुठेतरी असेल, तर तिच्यासाठीही नमुना ८ च. नवीन नमुना ६ भरला की दुबार नोंद झालीच समजा! अर्ज गावातल्या बीएलओकडे देता येतो, अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन करा. हे काम निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच उरका. नंतर हातात थोडेच दिवस राहतात आणि त्याच दिवसांत भाताची कापणी किंवा वीटभट्टीचं काम आलं, तर मत राहून जातं.