गारांचा फाल्गुन

गार म्हटली की शहरातल्या मुलाबाळांना आनंद होतो. अंगणात टपटप आवाज झाला की पोरे पातेली घेऊन धावतात, आणि आजीबाईही एखादी गार हळूच तोंडात टाकतात. परंतु मराठवाड्यातल्या शेतकऱ्यापाशी हा शब्द काढून पाहा. त्याच्या कपाळावर आठी पडेल आणि तो एकच साल सांगेल : २०१४.

त्या साली मी नोकरीनिमित्त नांदेडला होतो. माझे आजोळ लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. त्यामुळे महाशिवरात्र ते होळी या अवघ्या अठरा दिवसांत या दोन जिल्ह्यांवर जे गुदरले, ते मला दोन्हीकडून पाहायला मिळाले.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. त्या वर्षी शिवरात्र २७ फेब्रुवारीला होती. थंडी गेली खरी, पण तिच्या जागी ऊन न येता आभाळ आले. रोज दुपारपर्यंत उकाडा, तीनच्या सुमाराला वायव्येकडे काळेनिळे ढग, मग धुळीचा लोट, कडकडाट, आणि पाठोपाठ गारा. एखाद्या दिवशी असे झाले असते तर लोकांनी चार दिवस बोलून सोडून दिले असते. पण हा मारा मार्चच्या मध्यापर्यंत आज या तालुक्यात तर उद्या त्या तालुक्यात असा चालूच राहिला. महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या पस्तीसपैकी अठ्ठावीस जिल्ह्यांना त्याची झळ लागली.

आभाळातला हलवा

मार्चच्या उन्हात बर्फ येतो कुठून? आपल्या गृहिणींना हे समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. संक्रांतीचा हलवा करताना परातीत तीळ किंवा खसखस घेऊन आपण थेंबथेंब पाक टाकतो आणि मंद आचेवर हलवत राहतो. दर थेंबासरशी दाण्यावर एक पापुद्रा चढतो. गारही अशीच वाढते. या दिवसांत आपल्याकडे जमिनीपासून चार-साडेचार किलोमीटरवर हवा गोठणबिंदूला पोचते. त्याच्या वर ढगात पाण्याचे असे थेंब असतात की जे शून्याखाली दहा-वीस अंशांवरही गोठलेले नसतात. बर्फाचा कण त्यांना लागला की ते तत्काळ त्यावर गोठतात. खालून वर उसळणारा वारा त्या कणाला तोलून धरतो. वाऱ्याचा जोर जितका मोठा तितकी गार मोठी. शेवटी वाऱ्याला तिचा भार पेलत नाही आणि ती सुटते. लिंबाएवढी गार जमिनीवर येते ती भरधाव मोटारीच्या वेगाने!

पावसाळ्यात ढग काय थोडे असतात? पण तेव्हा वरची हवा एवढी थंड आणि कोरडी नसते, आणि लहान गारा वाटेतच विरघळतात. २०१४ च्या त्या पंधरवड्यात वरच्या थरातले पश्चिमी वारे नेहमीपेक्षा बरेच दक्षिणेकडे उतरले. खाली दोन्ही समुद्रांवरून ओलसर हवा आली. तापलेली जमीन, खाली ओल आणि वर थंड कोरडा वारा असा तिहेरी योग जुळला.

असाच योग अमेरिकेच्या मैदानांवर जुळतो तेव्हा सोंडेसारखी चक्रीवादळे उतरतात. २०११ च्या एकट्या एप्रिलात तिथे साडेसातशेवर अशी वादळे झाली. आपल्याकडे सोंड क्वचितच दिसते, पण गारांचे भय जुने आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबादेजवळ गारांच्या माराने २४६ माणसे दगावली. जगात गारपिटीने घेतलेले सर्वांत जास्त बळी म्हणून आजही तीच नोंद आहे.

खळ्यावर आलेले गेले

दुखणे असे की हा घाला अगदी तोंडाशी आलेल्या घासावर पडला. २०१२ चा दुष्काळ सोसल्यावर २०१३ चा पाऊस चांगला झाला होता. लातूरकडच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही मामांच्या रानात भज्जी नि आंबील जेवलो, तेव्हा ज्वारी डोक्याएवढी होती. दोनच महिन्यांनी तिथे गेलो तो ताटे आडवी, कणसे चिखलात. उभी राहिली त्या ज्वारीचा दाणा काळा पडला आणि कडबाही कुजला. हरभऱ्याच्या गंजी भिजून त्यांना मोड आले. द्राक्षाच्या बागांतून आंबलेला वास येत होता. नांदेडकडे अर्धापूरच्या केळीची पाने चिंध्यांसारखी लोंबत होती, आणि ज्यांची हळद शिजवून वाळत पडली होती त्यांची तर धावपळ पाहवत नव्हती. झाडाखाली मेलेल्या पाखरांचा खच होता.

मामा बांधावर उभे राहून एवढेच म्हणाले, “दुष्काळात पेरलं नव्हतं, म्हणून गेलं नव्हतं. औंदा समदं पेरलं व्हतं रे.”

पंचनामा आणि निवडणूक

त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. मदत जाहीर करायची तर निवडणूक आयोगाची संमती हवी. अखेर मार्चच्या उत्तरार्धात राज्य सरकारने चार हजार कोटींची मदत जाहीर केली : कोरडवाहूला हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,०००, फळबागांना २५,०००, आणि तीही दोन हेक्टरांपर्यंत. नसल्यापेक्षा बरेच! परंतु द्राक्षबागेचा खर्च ज्याला ठाऊक आहे त्याला हा हिशेब सांगायला नको. शिवाय पंचनामा होतो सातबाऱ्यावरच्या नावाचा. बटईने कसणाऱ्याच्या हाती काय पडणार, हे मालकाच्या मनावर.

दरवर्षी मामांकडून आमच्याकडे ज्वारीचे एक पोते येई. त्या वर्षी आम्ही नांदेडच्या बाजारातून घेऊन त्यांच्याकडे पोचवले. मामींनी ते उतरवून घेतले, पण त्या दिवशी त्या आमच्याशी फारशा बोलल्या नाहीत. देणाऱ्या घराला घेणे किती जड जाते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढची कथा वाचकांना आठवत असेल. त्याच वर्षी पावसाने ओढ दिली, पुढल्या वर्षीही दिली, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. गारपिटीत मोडलेल्या शेतकऱ्याला सावरायला एकही हंगाम मिळाला नाही. गाराही थांबल्या नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठवाड्यात त्या पुन्हा कोसळल्या.

आभाळ आपल्या हाती नाही. पण गावात धान्य झाकायला पुरेशा ताडपत्र्या, खळ्यापाशी पक्की शेड, बागेवर जाळी, आणि वीज कडाडत असता झाडाखाली न थांबण्याची शिस्त एवढे तर हाती आहे! पुण्याच्या हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना मोबाइलवर देते. गावी कोणी नातलग असेल तर या दिवाळीत त्याच्या मोबाइलवर ते घालून द्यावे.

आणि फराळाचा बेसनाचा लाडू हातात घ्याल तेव्हा एवढे ध्यानी असू द्यावे की त्यातला हरभरा फाल्गुनातल्या आभाळाखालून सुखरूप घरी आलेला आहे.