ज्यूंची दुसरी मायभूमी : पर्यायी इतिहासाच्या कसोट्या

जे घडले नाही त्याचा विचार इतिहासकाराने करावा किंवा नाही, हा वाद जुना आहे. ई. एच. कार यांनी १९६१ साली दिलेल्या व्याख्यानांत अशा विचाराची गणना दिवाणखान्यातील खेळात केली. याच्या उलट मॅक्स वेबर यांनी १९०६ मधील एका निबंधात असे प्रतिपादन केले होते की, एखाद्या घटनेचे कारण म्हणून असलेले महत्त्व ठरवावयाचे तर ती घटना वगळून पुढील क्रम कसा झाला असता, याची कल्पना करणे अपरिहार्य ठरते. ज्यूंच्या ‘दुसऱ्या मायभूमी’चा प्रश्न या वादाच्या परीक्षेस विशेष उपयुक्त आहे. पॅलेस्टाइनऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, ज्यूंना अन्यत्र भूमी मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न केवळ कादंबरीकारांचा नव्हे. तो त्या त्या काळी प्रत्यक्ष सरकारी टिपणांतून आणि परिषदांच्या ठरावांतून चर्चिला गेला होता. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे साठ लक्ष ज्यूंचा संहार झाला, हे लक्षात घेता त्याचे उत्तर केवळ बौद्धिक कुतूहलापुरते राहत नाही.

पर्यायी इतिहास ग्राह्य ठरण्यास तीन अटी घालता येतील. पहिली, तो पर्याय निर्णय घेणाऱ्यांच्या समोर खरोखर आलेला असावा. दुसरी, तो सिद्ध होण्यासाठी वास्तवात करावा लागणारा बदल अल्प असावा. तिसरी, त्या बदलानंतरही इतर शक्ती पूर्ववत कार्य करीत राहतील, हे गृहीत धरावे. यांपैकी तिसरी अट बहुधा विसरली जाते आणि कल्पनेचा सारा डोलारा तेथेच कोसळतो.

पहिल्या अटीस सर्वांत चांगली उतरणारी योजना म्हणजे १९०३ ची ‘युगांडा योजना’. हे नाव दिशाभूल करणारे आहे. देऊ केलेले वासिन गिशू पठार त्या वेळी ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिका संरक्षित प्रदेशात होते व आज ते केनियात आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात किशिनेव्ह येथे झालेल्या हत्याकांडात ४९ ज्यू मारले गेले. ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी पुढे केलेली पूर्व आफ्रिकेची सूचना थिओडोर हर्झल यांनी या पार्श्वभूमीवर विचारार्थ घेतली व ऑगस्टमध्ये बाझल येथील सहाव्या झिओनिस्ट परिषदेसमोर मांडली. पाहणी मंडळ पाठविण्याच्या बाजूने २९५ व विरुद्ध १७८ मते पडली. मॅक्स नॉर्डाऊ यांनी या भूमीला रात्रीच्या निवाऱ्याची उपमा दिली. म्हणजे ती अंतिम घर नव्हे, हे समर्थकांनाही मान्य होते. विरोधकांत रशियातील प्रतिनिधींचा भरणा मोठा होता. ज्यांच्यासाठी निवारा शोधावयाचा त्यांचेच प्रतिनिधी तो नाकारीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९०४ च्या जुलैमध्ये हर्झल निधन पावले. त्या वर्षाच्या अखेरीस निघालेल्या तीन सदस्यांच्या मंडळाचा अभिप्राय मोठ्या वसाहतीस अनुकूल नव्हता आणि १९०५ च्या सातव्या परिषदेने योजना फेटाळली.

आता समजा, परिषदेने ती स्वीकारली असती. दुसरी अट येथे पुरी होते, कारण मतदानाचे पारडे फिरणे हा बदल लहान आहे. परंतु तिसरी अट लावताच चित्र पालटते. १८९७ च्या जनगणनेनुसार रशियन साम्राज्यात सुमारे ५२ लक्ष ज्यू होते. पूर्व युरोपातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांना अमेरिकेचे दार तेव्हा उघडे होते व १८८१ ते १९१४ या काळात सुमारे वीस लक्ष ज्यू तेथे गेले. न्यूयॉर्कच्या कारखान्यात रोजगार उपलब्ध असता भूमध्यरेषेजवळच्या पठारावर नांगर धरावयास किती कुटुंबे गेली असती? बॅरन हिर्श यांच्या संस्थेने १८९१ पासून अर्जेंटिनात ज्यूंच्या शेतकरी वसाहती वसविल्या. त्यांमागे मुबलक पैसा होता. तरीही अमेरिकेकडील ओघाच्या मानाने तेथील वस्ती अल्पच राहिली. तेव्हा वासिन गिशूवर काही सहस्र लोकांची वसाहत उभी राहिली असती, असे अनुमान करता येईल. राष्ट्र उभे राहिले असते, असे मात्र म्हणता येणार नाही.

अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने ही परिस्थिती बदलली. पूर्व युरोपातील लोकांना तेथील प्रवेश जवळजवळ बंद झाला. दुसऱ्या भूमीची खरी निकड येथून निर्माण होते. पण या काळात देऊ करणारे कोण होते? इझ्राएल झँगविल यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेली प्रादेशिकवाद्यांची संघटना सायरेनैका, अंगोला इत्यादी प्रदेश धुंडाळून १९२५ मध्ये विसर्जित झाली होती. १९३८ च्या जुलैमध्ये एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांची परिषद भरली. सहानुभूती बहुतेकांनी व्यक्त केली, भरीव देकार केवळ डॉमिनिकन प्रजासत्ताकाने दिला. त्याने एक लक्षापर्यंत निर्वासित घेण्याची तयारी दर्शविली. प्रत्यक्षात सोसुआ येथे काही शेच कुटुंबवत्सल व एकटे निर्वासित पोहोचले. अलास्कात वसाहत करण्याचे विधेयक १९४० मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये आले व तेथेच अडकले. लेनिनच्या मंत्रिमंडळात एके काळी न्यायखाते सांभाळणारे आयझॅक स्टाइनबर्ग १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले व वायव्येकडील किंबर्ली भागासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. १९४४ मध्ये कर्टिन सरकारने नकार कळविला. यांतून एक सूत्र निष्पन्न होते : जेव्हा देकार होता तेव्हा निकड निर्णायक नव्हती, आणि जेव्हा निकड निर्णायक झाली तेव्हा देकार उरला नव्हता.

या सूत्राला अपवाद सोव्हिएत संघाचा. १९२८ मध्ये अतिपूर्वेकडील बिरोबिजान प्रदेश ज्यू वसाहतीसाठी राखण्यात आला व १९३४ मध्ये त्यास स्वायत्त प्रांताचा दर्जा मिळाला. दुसरी मायभूमी कागदावर येथेच अस्तित्वात आली आणि प्रांत म्हणून ती आजही आहे. परंतु १९३९ मध्ये तेथील ज्यूंची संख्या सुमारे १७,७०० म्हणजे लोकसंख्येच्या १६ टक्के होती. कडक थंडी, दलदल व साधनांचा अभाव ही कारणे होतीच; त्यांहून मोठे कारण असे की, ज्या सत्तेने प्रांत दिला तिनेच १९३६ ते १९३८ च्या शुद्धीकरणात त्याचे नेतृत्व नष्ट केले. १९४४ च्या फेब्रुवारीत ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या नेत्यांनी क्रिमियात ज्यू प्रजासत्ताक स्थापावे, असा अर्ज स्टालिनकडे केला. पुढे हाच अर्ज राजद्रोहाचा पुरावा ठरला व १९५२ च्या ऑगस्टमध्ये समितीशी संबंधित तेरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. दान दिलेली मायभूमी दात्याच्या मर्जीपेक्षा अधिक सुरक्षित नसते, हा या प्रकरणाचा धडा होय.

आणखी एका बाबीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ‘रिकामी भूमी’ हा शब्दप्रयोग या सर्व योजनांच्या मुळाशी आहे. पण त्यांतील बहुतेक भूमी रिकामी नव्हती. वासिन गिशूच्या परिसरात नंदी व मसाई पशुपालक होते आणि १९०५ मध्येच नंदींचा प्रतिकार ब्रिटिशांनी शस्त्रबळाने मोडला. किंबर्लीत आदिवासी समाज सहस्रावधी वर्षे राहत आला होता. क्रिमियातून तर, अर्ज झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, सबंध तातार समाजास हद्दपार करण्यात आले. पॅलेस्टाइन टाळले असते म्हणजे मूळ रहिवाशांचा प्रश्नही टळला असता, ही कल्पना म्हणूनच टिकत नाही. प्रश्नाचे स्थान बदलले असते, स्वरूप नव्हे.

मायकेल शेबॉन यांनी २००७ मधील आपल्या कादंबरीत अलास्कातील सिटका येथे ज्यूंचे नगर कल्पिले आहे. कादंबरीकारास ते स्वातंत्र्य आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र अशा कल्पनेतून वेगळा प्रश्न विचारावयाचा असतो. दुसरे राज्य निर्माण झाले असते काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येते. परंतु संहार टाळण्यासाठी राज्याची आवश्यकता नव्हती. १९३८ ते १९४१ या अवधीत प्रवेशाचे परवाने पुरेसे होते. अलास्का, किंबर्ली किंवा सोसुआ येथे जे प्रत्येक कुटुंब पोहोचले असते ते वाचले असते, आणि त्यासाठी लागणारा बदल तिन्ही अटींत बसण्याइतका लहान होता. पर्यायी इतिहासाचा खरा उपयोग हाच की, जे अटळ होते आणि जे केवळ नाकारले गेले, त्यांतील भेद तो स्पष्ट करतो.