मूर्तिजापूरचे खाँसाहेब

मराठी संगीत नाटकात गायकनट घडायची एक रीत होती. मिसरूड फुटायच्या आत मुलगा नाटक मंडळीत दाखल व्हायचा, मंडळीच्या बिऱ्हाडात जेवायचा, तिथल्याच बुवांकडे तालीम घ्यायचा आणि आवाज फुटेपर्यंत नायिका होऊन उभा राहायचा. केशवराव भोसले एकतिसाव्या वर्षी गेले, मास्टर दीनानाथ एकेचाळिसाव्या. तेवढ्या आयुष्यात दोघांनीही स्वतःच्या मंडळ्या उभ्या केल्या, गावोगावची थिएटरं गाजवली आणि मागे एकेक गायकी ठेवली. या हिशेबात वसंतराव देशपांडे कुठंच बसत नाहीत. ज्या भूमिकेमुळं महाराष्ट्र त्यांना ओळखतो ती ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या खाँसाहेब आफताब हुसेनची भूमिका त्यांना मिळाली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. तोवरची वीसहून अधिक वर्षं पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करण्यात गेली होती. हा उशीर नशिबाचा किंवा स्वभावाचा भाग म्हणून सोडून दिला जातो. मला ते पटत नाही. गायकनट घडवणारी यंत्रणा मोडली की कितीही तयार गळा कसा खोळंबतो, याचा वसंतराव हा आपल्याकडचा सर्वांत ठळक पुरावा आहे. आणि हा पुरावा वऱ्हाडातला असल्यानं अकोला-अमरावतीकरांनी तो जरा जवळून पाहायला हवा.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं हे गाव शकुंतला गाडीसाठी आणि गाडगेबाबांच्या गोरक्षणासाठी सगळ्यांना माहीत असतं. कवी अनिल इथलेच, वसंतरावांहून एकोणीस वर्षांनी मोठे, आणि अनिलांच्या कवितेला पुढं वसंतरावांचा आवाज लाभला हा योग वऱ्हाडात पुरेसा मिरवला जात नाही. आईनं एकटीच्या बळावर मुलाला नागपुरात वाढवलं. तिथं शंकरराव सप्रे यांच्याकडे ग्वाल्हेरची बैठक पक्की झाली. पुढं लाहोरला असद अली खाँ, किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर अशी वेगवेगळ्या वाटांची तालीम मिळत गेली. मनानं गुरू मानलं ते मात्र दीनानाथांना. शाळकरी वयातच भालजी पेंढारकरांनी त्यांना हेरलं आणि १९३५ च्या ‘कालियामर्दन’ बोलपटात कृष्ण केलं. पंधरा वर्षं आधी जन्मलेल्या अशा मुलाला एखाद्या मंडळीनं उचललं असतं. पण वसंतराव त्या वयात आले तेव्हा बोलपटानं नाटकवाल्यांच्या पोटावर पाय दिला होता. खुद्द दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी चित्रपटाच्या धंद्यात उतरली आणि त्यातच बुडाली. ज्याची गायकी आदर्श मानायची त्याचंच बिऱ्हाड मोडलेलं, तर शिष्यानं जायचं कुठं? तो हिशेब खात्यात गेला.

दीनानाथांचा तो ठसका ज्या नाटकानं टिपेला नेला त्या ‘रणदुंदुभी’चे लेखक वीर वामनराव जोशी अमरावतीचे. १९२७ च्या त्या नाटकात दीनानाथ तेजस्विनी होत, वामनरावांच्या पदांना चाली वझेबुवांच्या होत्या, आणि पारतंत्र्यावर चिडलेले ते शब्द कोमल गळ्याला पेलणारेच नव्हते. त्यांना तुटक, झेपावणारी, ऐकणाऱ्याला दचकवणारी तान लागत होती. वसंतरावांनी दीनानाथांकडून घेतली ती हीच तान. पुढं त्यांच्यासाठी खाँसाहेब लिहिला आणि बसवला तो नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी. म्हणजे लेखक अमरावतीचा, गळा मूर्तिजापूरचा, दुसरा लेखक नागपूरचा. विदर्भात माल कमी नव्हता. कमी होती ती हा माल एकत्र आणून वर्षानुवर्षं रंगमंचावर उभा करणारी व्यवस्था. १९६० नंतर ती पुन्हा जमू लागली, पण मुंबईत. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’ यांनी संगीत नाटकाला प्रेक्षक परत मिळवून दिला, जितेंद्र अभिषेकींनी पदांना आटोपशीर केलं, आणि २४ डिसेंबर १९६७ रोजी प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनं ‘कट्यार’ उभं केलं. भार्गवराम आचरेकर पंडित भानुशंकर, प्रसाद सावकार सदाशिव, फैयाज झरीना, आणि वसंतराव खाँसाहेब.

या भूमिकेत काय होतं ते एका पदावरून उलगडतं. ‘घेई छंद मकरंद’ नाटकात दोन चालींत येतं. पंडितजींच्या परंपरेतली चाल सालगवराळी रागात आहे: संथ, शब्दाला पुरता उमलू देणारी, ओळीच्या टोकाला जरा विसावणारी. खाँसाहेबांची धानीत आहे. धानीत रिषभ नाही, धैवत नाही. षड्जावरून थेट गंधारावर आणि पंचमावरून थेट निषादावर जावं लागतं, मधली पायरीच काढून घेतलेली. वसंतराव या मोकळ्या जागा अशा झेपेनं ओलांडतात की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप पुढं पडतो, आणि मग ते भलत्याच ठिकाणाहून समेवर येतात. जुन्या संगीत नाटकांतलं पद बहुधा कथेला थांबवून गायलं जाई. इथं कथा पदातच घडते, कारण नाटकाचा झगडाच दोन गायकींचा आहे. ज्या माणसाला पंडितजींना हरवण्याचा ध्यास लागला आहे त्याचा अहंकार, त्याची तडफ आणि त्याचं खरं गाणं ही तिन्ही त्या उड्यांत एकदम ऐकू येतात. मैफलीच्या कडक श्रोत्यांनी वसंतरावांवर एक आक्षेप नेहमी घेतला: चार घरचं गाणं, एक घराणं नाही, चमत्कृती फार. बैठकीत हा आक्षेप अगदीच गैरलागू होता असं म्हणता येणार नाही. त्यांचा मारवा ऐकून तो विसरायला होतं, एवढंच. पण रंगमंचावर हीच उणीव भांडवल ठरली. एका घराण्याच्या शिस्तीत मुरलेला गवई खाँसाहेबाची बेचैनी गळ्यातून दाखवू शकला नसता.

यावर कुणी म्हणेल, मग उशीर झाला तेच बरं झालं. नोकरीनं पोटाची चिंता मिटवली, म्हणून मनासारख्या गुरूंकडे जाता आलं. मंडळीत असते तर रोज तीच पदं गाऊन गळा एकसुरी झाला असता. यात तथ्य आहे. पण फायद्याच्या शेजारी तोटाही मांडला पाहिजे. १९६७ ते ३० जुलै १९८३, म्हणजे निधनापर्यंत, अवघी साडेपंधरा वर्षं. तेवढ्यात त्यांनी ‘कट्यार’ गाजवलं, शिरवाडकरांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’ला संगीत दिलं, ‘अष्टविनायक’ चित्रपटात बापाची भूमिका केली. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत, गळा ऐन भरात असताना, त्यांच्या मापाचं नाटकच त्यांना मिळालं नाही. १९५० चे वसंतराव आणि १९६७ चे वसंतराव यांत गुणवत्तेचा एवढा फरक नव्हता. फरक होता तो निर्माता, लेखक आणि संगीतकार एका टेबलाशी बसण्याचा.

जगात इतरत्र ही सोय व्यवस्थेनं केलेली असते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या परफॉर्मिंग आर्ट्स अकादमीत संगीत रंगभूमीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. गाणं, अभिनय आणि नाच एकाच वेळापत्रकात. तिथून अभिनयाची पदवी घेतलेला ह्यू जॅकमन मेलबर्नच्या संगीतिकांत उभा राहिला, मग लंडनला ‘ओक्लाहोमा’त गायला, आणि २००४ साली ‘द बॉय फ्रॉम ऑझ’साठी न्यूयॉर्कचं टोनी पारितोषिक घेऊन गेला. तेव्हा त्याचं वय पस्तीस. शिडीच्या पायऱ्या जागेवर असल्या की असं होतं. अर्थात शिडीनं सगळं सुटत नाही. जॅकमन बाहेर पडला आणि ते नाटक ब्रॉडवेवर बंद झालं. भूमिका एका माणसाला चिकटण्याचा रोग तिकडेही आहे.

आपल्याकडे तो असाध्य होऊन बसलाय. ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आलं ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांच्या गळ्यामुळं. २०१५ च्या चित्रपटात सचिन पिळगावकरांचे खाँसाहेब गायले तेही त्यांच्याच आवाजात. गाणं अव्वल आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण आजोबांची भूमिका पेलायला नातूच लागावा, हे कोणत्याही रंगभूमीला शोभणारं नाही. दुसरा, तिसरा, चौथा खाँसाहेब कुठल्या गावात तयार होणार? ज्याचं ख्यालगायन पक्कं आहे त्यानं संवाद कधी म्हटलेले नसतात, ज्याला संवाद येतात त्याला तानपुऱ्यात सूर लावता येत नाही, आणि दोन्ही येणाऱ्याला वर्षाला पाच प्रयोगही मिळत नाहीत. पाच प्रयोगांवर गळा रंगमंचाला सरावत नाही. ऑर्गन वाजवणारा पुण्या-मुंबईहून आणायचा, त्याचा प्रवास, मुक्काम, वर सभागृहाचं भाडं. अमरावतीला सांस्कृतिक भवन भरलं तरी हिशेब तुटीतच जाण्याची भीती.

लोकांना आता संगीत नाटक नकोच आहे, हा शेवटचा आक्षेप. त्याचं उत्तर विदर्भातच आहे. वडसा देसाईगंजला दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या मंडपांत रात्र रात्र नाटकं चालतात, नट स्वतः गातात, तबला-पेटी समोर असते, तिकिटं विकली जातात. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथलं गाणं ख्यालाच्या अंगाचं नाही हे खरं, पण गायकनट हा पेशा म्हणून जगू शकतो हे ती रंगभूमी दर हिवाळ्यात दाखवते. तिचा हंगाम, तिचं गावोगावचं आयोजन वऱ्हाडानं उसनं घ्यायला काय हरकत आहे?

वसंतरावांच्या नावाचं मोठं सभागृह नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये आहे. अकोला-अमरावतीला आणखी एका सभागृहाची गरज नाही. इथल्या महाविद्यालयांत संगीत शिकवलं जातं, हौशी नाट्यसंस्था दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेसाठी तालमी करतात. दोघांची गाठ मात्र पडत नाही. ती पाडा. गाणाऱ्या विद्यार्थ्याला संवाद द्या, नटाला षड्ज लावायला बसवा, आणि एका नाटकाचे निदान वीस प्रयोग मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, कारंजा असे फिरवा. पहिल्या वर्षी पदरचे पैसे जातील, हे धरूनच चला. संहितेसाठी शोधाशोध नको. ‘रणदुंदुभी’ अमरावतीतच आहे.