चिचुंद्रीकडे असतो मातीचा हिशेब

कन्नडच्या बाजारपेठेत दिवेलागणीला गटाराच्या कडेनं चिक् चिक् करत चिचुंद्री पळाली की उंदीर समजून कुणीतरी चप्पल उचलतंच. चिचुंद्री उंदीर नव्हे. ती किडे खाणाऱ्या वेगळ्या गणातली. मातीतले जड धातू शोधताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. शेतातला उंदीर मका, ज्वारी, कोवळे कोंब खातो. चिचुंद्रीचं पोट गांडुळं आणि किड्यांवर भरतं. गांडूळ माती गिळतं, कॅडमियम अंगात साठवतं. म्हणूनच एकाच जागच्या धान्यखाऊ उंदरांपेक्षा चिचुंद्रीच्या जातीत कॅडमियम जास्त सापडतं, हे युरोपात वारंवार दिसलं आहे. १९९८ मध्ये स्पेनमधल्या अझ्नालकॉलर खाणीचा बांध फुटून विषारी गाळ ग्वादियामार नदीत गेला. पुढे त्या भागातल्या उंदरांच्या आणि चिचुंद्र्यांच्या अवयवांतले धातू मोजले गेले.

माती तपासली की काम झालं, असंही अनेकांना वाटतं. पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत बरेच धातू घट्ट बांधलेले असतात. मातीत किती आहे हे प्रयोगशाळा सांगते. जिवाच्या अंगात किती उतरलं, ते प्राण्याचं मूत्रपिंड आणि हाड सांगतं. कॅडमियम मूत्रपिंडात आणि यकृतात साठतं, शिसं हाडात. प्राणी वरून धडधाकट दिसतो, म्हणून निव्वळ पाहून काही कळत नाही.

मग या तपासणीसाठी गौताळा अभयारण्यातला बिबट्या का नको? तो मैलोन् मैल फिरतो, त्याच्या अंगातलं शिसं कुठलं ते कसं ठरवणार? उंदीर-चिचुंद्रीचा वावर छोट्या टापूतला, त्यामुळे दोष कुठल्या जागेचा, ते नेमकं कळतं.

धातू सापडला की प्रदूषणच, हा निष्कर्षही घाईचा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच असतं. म्हणून महामार्गाचं प्रदूषण मोजायचं तर त्याच्या कडेचे नमुने रस्त्यापासून दूरच्या, तशाच मातीतल्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात. वयही जुळवावं लागतं, कारण कॅडमियम वयाबरोबर वाढत जातं. उंदीर मारायला शेतकरी भरड्यात गोडेतेल आणि झिंक फॉस्फाइड कालवून बिळापाशी ठेवतो. ते खाऊन मेलेला उंदीर जस्ताच्या मोजणीतून बाद.

राहता राहिली माणसाची काळजी. चिचुंद्रीतला आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आपण गांडुळं खात नाही. त्या आकड्यावरून विहिरीचं पाणी आणि भाजी आधी कुठली तपासायची, एवढं मात्र ठरवता येतं.