आजारपणात घरी बसलात तरी निम्म्याहून जास्त पगार मिळतो, पण कागद हवा

मुंबई : जोगेश्वरीतल्या गाळ्यांमध्ये, दुकानांत, सिक्युरिटीच्या ड्युटीवर गावाकडची अनेक मुलं काम करतात. ताप आला की बहुतेकांना दोनच वाटा दिसतात. गोळी घेऊन कामावर उभं राहायचं, नाहीतर खाडा करून गाडी पकडायची आणि गाव गाठायचं. दोन्हीत नुकसान कामगाराचंच. तिसरी वाट पगाराच्या स्लिपवरच असते.

स्लिपवर काय बघायचं?

महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि योजनेत येणाऱ्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के ईएसआयची कपात होते. मालक वेगळे 3.25 टक्के भरतो. म्हणजे 18 हजार पगारावर कामगाराचे 135 आणि मालकाचे 585 रुपये. दवाखान्याबरोबरच आजारपणातल्या पगारासाठीही हे पैसे असतात.

किती मिळतं?

सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. रोज 600 रुपये पडत असेल तर दिवसाला 420. पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत. म्हणजे दहा दिवसांच्या टायफॉइडला आठ दिवसांचे 3,360 रुपये मिळतात. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारात अटी पूर्ण असतील तर पुढेही 80 टक्के दराने लाभ चालू राहतो.

अट अशी, की एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. नव्याने लागलेल्याचा लाभ साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतो.

चूक कुठे होते?

ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट न घेताच मुलं गावी निघून जातात. सर्टिफिकेट नाही, तर पैसे अडकतात. आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात दाखवावं. जोगेश्वरीकरांना कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर ईएसआयचं रुग्णालयही आहे. गावातच आजारी पडलात तर तिथल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट, केसपेपर आणि रिपोर्ट जपून ठेवावेत. असा पर्यायी पुरावा मान्य करण्याची नियमांत सोय आहे, मात्र निर्णय कार्यालयाचा असतो. मालकालाही लगेच कळवावं.

‘सुट्टी घेतली तर काढून टाकतील’ ही भीती अनेकांना असते. 1948 च्या ईएसआय कायद्याच्या कलम 73 मध्ये, हा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढण्यास मनाई केलेली होती.

ज्यांना हे लागू नाही

रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, चार-पाच माणसांच्या गाळ्यातले कारागीर यांना सहसा हे कवच नसतं. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्यात वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा आहेत, आजारपणाची वेगळी रजा नाही. तो कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली. लहान दुकानातला माणूस म्हणूनच तापातही शटर उघडतो, आणि बंद गाळ्यात एकाचा खोकला सगळ्यांना लागतो.

मुलगा मुंबईत कामाला असेल तर आज फोनवर एवढंच विचारा : स्लिपवर ईएसआय कापतात का, आणि विमा नंबर काय?