इंग्रजी वाक्यांतील होकार आणि नकार

शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींच्या इंग्रजी व्याकरणाच्या वहींत एक प्रश्न हमखास आढळतो : 'अर्थ न बदलतां पुढील वाक्यें नकारार्थी करा.' पहिलें वाक्य असतें, 'ही इज ऑनेस्ट', म्हणजे तो प्रामाणिक आहे. मुलगा क्षणभर विचार करतो आणि 'इज'च्या पुढें एक 'नॉट' घालून मोकळा होतो. वाक्य नकारार्थी झालें खरें. पण एका सभ्य गृहस्थाची अब्रू मात्र गेली! वडील रागावतात, तर मुलगा उत्तर देतो, "नकारार्थी करा असेंच पुस्तकांत लिहिलें आहे." त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. प्रश्नांतील पहिले तीन शब्द तेवढे त्यानें वाचलेले नसतात.

एखादें विधान नाकारणें ही एक गोष्ट, आणि तेंच विधान नकाराच्या वेषांत उभें करणें ही दुसरी. रेन आणि मार्टिन यांच्या ज्या व्याकरणावर भारतांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यांतील वाक्यपरिवर्तनाच्या अभ्यासांत अपेक्षित असते ती ही दुसरी गोष्ट. तिची युक्ति अशी कीं, नकार एक घालावयाचा नाहीं, दोन घालावयाचे. 'ऑनेस्ट'च्या जागीं 'डिस्ऑनेस्ट' हा विरुद्ध शब्द आणावयाचा आणि मग 'नॉट' लावावयाचें : 'ही इज नॉट डिस्ऑनेस्ट'. त्याच रीतीनें, त्याला आठवण राहिली या अर्थाच्या 'ही रिमेंबर्ड' या वाक्याचें 'ही डिड नॉट फर्गेट' असें होतें. पहिल्या नकारानें उलटा झालेला अर्थ दुसऱ्यानें सुलटा होतो.

येथवर सारें सरळ आहे; परंतु ही युक्ति डोळे मिटून चालविली तर ती दगा देते. 'अलाइव्ह' व 'डेड', म्हणजे जिवंत व मृत, यांच्यामध्यें तिसरी अवस्था नाहीं. म्हणून 'ही इज अलाइव्ह' आणि 'ही इज नॉट डेड' हीं वाक्यें अर्थानें बरोबर एकमेकांच्या तोलाचीं आहेत. सुख आणि दुःख यांच्यामध्यें मात्र बरीच मोकळी जागा पडलेली असते. 'शी इज हॅपी' याचें रूपांतर 'शी इज नॉट अनहॅपी' असें केलें, तर परीक्षेंत कदाचित् गुण मिळतील. पण लग्न होऊन दूरदेशीं गेलेल्या मुलीनें आपल्या पत्रांत 'मी दुःखी नाहीं' एवढेंच लिहिलें, तर तिच्या आईला त्या रात्रीं झोंप येईल काय? ती सुखी आहे असें मुलीनें म्हटलेलेंच नाहीं. ज्यांच्यामध्यें कांहीं उरत नाहीं असे विरुद्ध शब्द आणि ज्यांच्यामध्यें जागा उरते असे विरुद्ध शब्द, हा भेद अॅरिस्टॉटलनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच दाखवून ठेविला आहे. तेव्हां दोन नकार घालण्यापूर्वीं ती जागा चाचपून पाहिली पाहिजे.

धूर्त लेखक याच मोकळ्या जागेचा आश्रय घेतात. स्पष्ट होय म्हणावयाचें नाहीं आणि नाहींही म्हणावयाचें नाहीं, अशा वेळीं इंग्रजींत 'नॉट अन्' अशा धर्तीची रचना फार कामीं येते. जॉर्ज ऑर्वेल यानें 1946 सालीं राजकारण व इंग्रजी भाषा यांवर लिहिलेल्या निबंधांत या लकबीची यथेच्छ टर उडविली आहे. मराठींत मात्र 'हेंही नसे थोडकें' म्हणणारा माणूस नकारांतून उलट भरघोस होकारच देत असतो.

इंग्रजींत कांहीं नकार होकाराच्या पोटांत दडून बसलेले असतात. 'ही इज टू वीक टु वॉक' या वाक्यांत 'नॉट' कोठेंही नाहीं. पण मराठींत तें सांगूं गेल्यास 'तो इतका अशक्त आहे कीं, त्याला चालवत नाहीं' असें म्हणावें लागतें, आणि दडलेला नकार बाहेर येतो. इंग्रजी रूपांतरही तसेंच : 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक'. 'हार्डली', 'फ्यू', 'लिटल' हे शब्द याच जातीचे. 'ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे त्याला कांहीं मित्र आहेत. तें इवलेंसें 'अ' काढून टाकलें कीं, तो जवळजवळ एकाकी होतो. असा गुप्त नकार ओळखण्याची एक सोपी खूण आहे. इंग्रज माणूस वाक्याच्या शेवटीं जी पुस्ती जोडतो, ती ऐकावी. साध्या होकारापुढें ती नकाराची असते : 'ही कम्स, डझन्ट ही?' पण 'ही हार्डली कम्स' याच्यापुढें 'डझ ही?' असेंच येतें. म्हणजे 'नॉट' नसतांनाही कानानें नकार ओळखलेला असतो.

'ॲज सून ॲज'च्या जागीं 'नो सूनर' आणतांना पुढें 'दॅन' हवें, 'व्हेन' नव्हे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. 'ऑल द बॉइज डिड नॉट पास' हें वाक्य मात्र टाळलेलेंच बरें. एकही मुलगा उत्तीर्ण झाला नाहीं कीं कांहीं नापास झाले, हें त्यावरून कळत नाहीं. पहिल्या अर्थीं 'नन ऑफ द बॉइज पास्ड' आणि दुसऱ्या अर्थीं 'नॉट ऑल द बॉइज पास्ड' असें लिहावें.

वहींतील चूक लाल शाईनें सुधारतां येते. बोलण्यांतली तशी येत नाहीं. मराठी माणूस नकारार्थी प्रश्नाला उत्तर देतांना पुष्कळदां विचारणाऱ्याच्या म्हणण्याला 'हो' म्हणतो. 'दुखत नाहीं ना?' असें विचारल्यास 'हो, नाहीं दुखत' हें उत्तर मराठींत अगदीं स्वाभाविक आहे. इंग्रजींतील 'येस' आणि 'नो' प्रश्नाकडे पाहत नाहींत. उत्तराचें वाक्य होकारी असेल तर 'येस' आणि नकारी असेल तर 'नो'. परदेशांतल्या डॉक्टरानें शस्त्रक्रियेनंतर 'यू हॅव नो पेन?' असें विचारावें, आणि बरें वाटत असलेल्या रोग्यानें मराठी संवयीनें नुसतें 'येस' म्हणावें, कीं दुखत आहे असें समजून डॉक्टर औषध लिहावयास घेतो. तेथें 'नो' म्हणावें, आणि पुढचें वाक्यही पुरें बोलावें : 'नो, आय हॅव नो पेन.'