मनाचे माप

कापूस विकायला नेला की आपली नजर आधी काट्याकडे जाते. काटा खोटा असला तर वर्षाची मेहनत पाण्यात! मग मनाचे दुःख मोजायला कुणी काटा आणला, तर तोही पारखून घ्यायला नको का?

असा काटा आहे. ‘पीएचक्यू-9’ ही नऊ प्रश्नांची यादी अमेरिकेत तयार झाली. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, झोप-भूक कशी आहे, असे तिचे प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10 किंवा अधिक झाली, की डॉक्टरांनी तपासावे असा संकेत. यवतमाळसह 14 जिल्ह्यांत 2015 साली शासनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला आणि शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस आशाताईंकडे आली.

पण विचारायचे कसे? नुसते भाषांतर पुरत नाही. “झोप लागत नाही का?” म्हटले, तर रानडुकरांपायी जागल करणारा शेतकरी सरळ “नाही” म्हणेल. ते दुखणे नव्हे, जागल आहे! उलट “उदास वाटते का?” याला नकार देणाराच घटकाभराने सांगेल, “कशातच मन लागत नाही जी.”

म्हणून प्रश्न आधी गावच्या बोलीत आणायचे. मग खरी कसोटी: यादीतले गुण न पाहता मनोविकारतज्ज्ञाने तीच माणसे तपासायची. समजा, 100 जणांत त्यांना 20 आजारी आढळले. यादीने त्यांतले 16 ओळखले आणि 80 निरोगी माणसांपैकी 16 जणांवर उगाच संशय घेतला. म्हणजे संशयितांतले निम्मे निरोगी, आणि चौघे आजारी निसटलेच! गुणांची रेषा खाली आणली तर निसटणारे कमी होतात, पण उगाच धास्तावणारे वाढतात. ती रेषा ज्या-त्या मुलखातच ठरवावी लागते. गोव्यात अशा 5 प्रश्नावल्या प्राथमिक आरोग्यसेवेतल्या रुग्णांवर ताडून पाहिल्या. तो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला.

नवव्या प्रश्नाला मात्र बेरीज लागत नाही. मरणाचा किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येतो, असे कुणी म्हणाले, तर गुण मोजत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, डॉक्टर गाठावा. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांकही आहे.

आणि काटा कितीही खरा असो, चारचौघांत कुणी मन उघडत नाही. आशाताई दारी आल्या, तर घरच्यांनी जरा बाजूला व्हावे आणि त्या माणसाला मोकळेपणी बोलू द्यावे. एवढे तर आपल्या हाती आहे!